चादरीची नक्षी हरवू न देता फोटो कृष्णधवल कसा करायचा

टॅबलेटवर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, शून्यावर नेलं की फोटो कृष्णधवल झाला, असं समजून मोकळं होऊ नका. आपली लाल-हिरवी सोलापुरी चादर घ्या. नुसतं सॅच्युरेशन काढलं तर लाल फुलं आणि त्यांच्यामागची हिरवी जमीन बऱ्याचदा एकाच राखाडीत मिसळतात. नक्षी गायब! विणणाऱ्यानं बघितलं तर काय म्हणेल?

मी स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप वापरते. टूल्समध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ उघडा. तयार नमुने तूर्त सोडा, रंगीत फिल्टरकडे जा: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ज्या रंगाचा फिल्टर तो रंग उजळतो, विरुद्धचा काळवंडतो. लाल लावला की चादरीची फुलं पांढुरकी, जमीन गडद, नक्षी परत हजर. भुईकोट किल्ल्यालाही हाच लावा. निळं आभाळ खोल होतं, बुरूज उठून दिसतो. चेहऱ्यांवर मात्र लाल जपून. त्वचा पीठ फासल्यासारखी होते, ओठ फिके पडतात. तिथे नारिंगी किंवा पिवळा बरा.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या अंगरख्यात, असतात, तेही जानेवारीच्या लख्ख उन्हात. थेट कॉन्ट्रास्ट वाढवलात तर कापडाच्या चुण्या पुसल्या जातात. आधी ‘ट्यून इमेज’मध्ये हायलाइट्स, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, खाली आणा, मग रंग काढा. ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे बारीक ठिपके, मी लावतच नाही, उगाच जुनेपणाचं सोंग.

सेव्ह करताना प्रत वेगळी ठेवा. मूळ रंगीत फोटो घरच्यांना लागतोच.