टिनमधला मासा घेताना

टिन फिरवून आधी 'ड्रेन्ड वेट' वाचा. तेल-पाणी निथळल्यावर मासा किती उरतो ते तिथे कळतं, भावाची तुलना त्यावरच करा. रोजच्या डब्यासाठी माझं मत तारलीला, म्हणजे सार्डिनला. ट्यूनापेक्षा बहुधा स्वस्त, पारा कमी, ओमेगा-३ भरपूर. काटे बोटांत चुरडतील इतके मऊ असतात. काढू नका, कॅल्शियम त्यांतच असतं. ट्यूनाच हवा तर अल्बाकोरऐवजी स्किपजॅक घ्या, त्यात पारा कमी. खारं पाणी निथळा, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून पोळीत गुंडाळा. (ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र नको, शेजारचे बोलणं सोडतील!) फुगलेला टिन उघडूच नका. उरलेला मासा काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.