स्वतंत्र चित्रपटांना गुण देण्याआधी

महोत्सवाचा पास हातात आला की दिवसाचे पाचही खेळ बघावेसे वाटतात. नुसतं बघायचं असेल तर बघा. पण गुण द्यायचे असतील तर दिवसाला तीन, फार तर चार चित्रपट ठेवा. पाचव्या खेळाला डोळे उघडे असतात, पण लक्ष उडालेलं असतं, आणि त्याचा फटका नेमका संथ, कमी संवादांच्या चित्रपटाला बसतो. असा चित्रपट सकाळी बघा; घटनाप्रधान चित्रपट रात्री चालतो. दोन खेळांमधलं अंतर काढताना छापलेल्या लांबीत प्रश्नोत्तरांची १५-२० मिनिटं आणि रांगेची निदान ३० मिनिटं मिळवा.

अंधारात टिपण करायला छोटी वही आणि पेन्सिल पुरते. मोबाइल नको, त्याच्या उजेडाने मागच्या रांगेचा रसभंग होतो. पानाकडे न बघता मोठ्या अक्षरात तीन-चार शब्द लिहा: 'दार, लांब शॉट', 'आई गप्प'. पूर्ण वाक्य लिहायला गेलात की पडद्यावरचा एक कट हमखास निसटतो.

गुण चित्रपट संपल्यावर लगेच, प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत कच्चे लिहून ठेवा. दिग्दर्शकाने चार वर्षांची ओढाताण सांगितली, टाळ्या पडल्या, की साडेतीनाचे चार कधी झाले ते कळतही नाही. ते कष्ट खरेच असतात आणि त्यांचा मान ठेवावाच. पण गुण पडद्यावर जे उतरलं त्याला. आकड्याआधी तीन गोष्टी लिहा: लक्षात राहिलेली एक प्रतिमा, एक आवाज आणि न जमलेला एक प्रसंग. तिन्ही सुचत नसतील तर आकडाही अजून तयार नाही, असं समजा.

कमी पैशांतल्या चित्रपटात सर्वात आधी उघडा पडतो तो ध्वनी. पण दोष चित्रपटाचा की थिएटरचा, हे तपासा. संवाद साधारणपणे मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत स्वच्छ आणि संवाद मात्र दबलेले असतील, तर त्याच पडद्यावरचा पुढचा चित्रपट ऐका. तिथेही तसंच असेल तर गुण कापू नका. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसल्या तर बहुधा ती चौकट दिग्दर्शकाने निवडलेली असते. सबटायटल्सची खालची ओळ अर्धी कापली जात असेल तर ती प्रक्षेपणाची चूक. ताबडतोब बाहेर जाऊन स्वयंसेवकाला सांगा.

मोजपट्टी पहिल्याच दिवशी ठरवा. पाचपैकी ३ म्हणजे हेतू कळला, अर्ध्याहून अधिक साधला. ४ म्हणजे दुसऱ्याला आवर्जून बघायला सांगाल असा. ५ हा आकडा पहिल्या दोन दिवसांत शक्यतो वापरू नका. नवखे इथेच चुकतात: सुरुवातीला उदार, शेवटी कंजूष. रोज रात्री त्या दिवसाचे चित्रपट आदल्या दिवसाच्या यादीत क्रमाने बसवून बघा. आज ३ मिळालेला चित्रपट काल साडेतीन मिळालेल्यापेक्षा वर बसतोय असं वाटलं, तर दोन्ही आकडे पुन्हा तपासा.

प्रेक्षक पुरस्काराचं मत ही वेगळी गोष्ट आहे. कॅनडातल्या टोरंटो चित्रपट महोत्सवात १९७८ पासून प्रेक्षकांच्या मतांवर पुरस्कार दिला जातो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवात प्रेक्षक १ ते ५ गुण देतात. सरासरी काढली जात असेल तर तुमचा ३ तटस्थ राहत नाही. साडेचारावर असलेल्या चित्रपटाला तो खाली ओढतो. म्हणून छापील पट्टीवर १ आणि ५ चा अर्थ काय दिलाय, तो वाचून मगच मत द्या. अर्ध्यातून उठलात तर मत देऊच नका. आवडत्या चित्रपटाला पुढे काढण्यासाठी दुसऱ्याला मुद्दाम १ देणं हा त्या टीमवर सरळ अन्याय आहे, विशेषतः लहान थिएटरात, जिथे मुळात मतंच थोडी असतात.

वहीत प्रत्येक चित्रपटापुढे तारीख आणि लांबी लिहायला विसरू नका. महोत्सवानंतर काही चित्रपट पुन्हा संकलित होतात. पुढे प्रदर्शित होताना दहा मिनिटं कमी झालेली दिसली, तर जुने गुण त्या नव्या आवृत्तीला लावता येणार नाहीत.