सोसायटीची भाजीबाग: ऑक्टोबरात सुरू करा, पण मे महिन्याचा विचार आधी करा

सोसायटीत भाजीबाग करायची हौस बहुधा पहिल्या पावसात येते. रोपं आणली जातात, व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, फोटो पडतात. पुढच्या मे महिन्यात अर्धी बिऱ्हाडं गावाला जातात, टँकर सुरू होतात आणि वाफ्यांत वाळक्या काड्या उरतात. किडीने मेलेल्या बागा कमी, सुट्टीत मेलेल्या जास्त. त्यामुळे पुढची सगळी आखणी उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

आधी सभा, मग कुदळ

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पालेभाज्यांचा हंगाम त्यानंतर लगेच, ऑक्टोबरात सुरू होतो. म्हणून विषय याच सभेत घ्या आणि ठराव लेखी करा: जागा किती, पाणी कुठल्या नळाचं, खर्च कोणाचा आणि भाजी कोणाची. शेवटचा मुद्दा लोक संकोचाने टाळतात आणि पुढे भांडण नेमकं त्यावरूनच होतं. सगळंच सामाईक ठेवलं तर राबतात दोघं आणि कोथिंबीर जाते वीस घरांत. माझं मत विचाराल तर तीन-चार घरांच्या गटाला एकेक वाफा द्यावा. कढीपत्ता, गवती चहा, लिंबू तेवढं सगळ्यांचं.

सभेत कोणी ‘कचरा करून ठेवाल’ म्हणालंच, तर २०१६ च्या घनकचरा नियमांची आठवण करून द्या. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं त्यांत सांगितलं होतं, आणि बागेच्या वाफ्यांत तोच कचरा जिरतो. जागा निवडताना अग्निशमन गाडीचा रस्ता मोकळा ठेवा. जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय विटासुद्धा आणू नका.

आणि हो, पहाटे पिशवी घेऊन पूजेची फुलं तोडणाऱ्या काकांना आजवर कोणतीही सोसायटी थांबवू शकलेली नाही. फाटकापाशी जास्वंदीची दोन झाडं जास्तीची लावा.

ऊन आणि वजन

फळभाज्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. ऊन मे महिन्यात पाहून जागा ठरवली तर फसगत होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि इमारतीच्या उत्तरेची जागा महिनोन्‌महिने सावलीत राहते. भाजीचा मुख्य हंगाम तर तोच. शक्य असेल तर आदल्या डिसेंबरातच जागा हेरून ठेवा.

गच्चीवर बाग करायची असेल तर आधी हिशेब मांडा. आपल्याकडच्या बांधकाम मानकानुसार वावर असलेल्या गच्चीचा वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरतात. एक फूट खोल ओल्या मातीचं वजन तेवढ्याच जागेत साडेचारशे ते पाचशे किलो भरतं. त्यामुळे गच्चीभर मातीचे वाफे नकोतच. पाचोळ्याने भरलेल्या हलक्या कुंड्या, त्याही तुळयांच्या रेषेत आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. जमीन उपलब्ध असेल तर गच्चीचा नाद सोडलेला बरा.

माती विकत आणू नका, तयार करा

नव्या इमारतीभोवती बहुधा मुरूम आणि सिमेंटचा राडारोडा असतो. तो खणत बसण्यापेक्षा वर विटांचा दीड फूट उंच वाफा रचा. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. तळाला नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीवरची उसाची चिपाडं. त्यावर वाळला पाचोळा आणि स्वयंपाकघरातला कच्चा ओला कचरा असे थर: आकारमानाने तीन वाटे पाचोळा, एक वाटा ओला कचरा. अधूनमधून शेणखत आणि मूठभर जुनी माती. ओल मुठीत दाबल्यावर बोटं दमट होतील इतपतच. वास आला तर पाणी जास्त झालंय किंवा पाचोळा कमी पडलाय; पाचोळा मिसळून वरखाली करा. महिन्याभरात थर निम्म्यावर बसतो, तेव्हा पुन्हा भरा. लावणीआधी वर चार बोटं कुजलेलं खत आणि माती हवी, ताज्या कचऱ्यात बी तग धरत नाही. शिजलेलं अन्न मात्र वाफ्यात टाकू देऊ नका, त्यावर घुशी येतात.

शहरात पालापाचोळ्यावर भाजी पिकते, हे कोल्हापूरच्या प्रा. श्रीपाद दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने पूर्वीच दाखवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरची बाग तर त्याच स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर वाढली. अडचण येते ती पाचोळ्याची. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि तेव्हाच तो जाळला जातो. सफाईवाल्या मावशींशी बोलून गोण्या भरून ठेवा, वर्षभर पुरतात.

लावणी आणि कीड

पहिल्या खेपेला मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात हाती येते आणि कुंपणावर बसलेले सभासद आत येतात. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं त्याच वेळी वेगळ्या वाफ्यात लावा. मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. नाही गेला तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेली. संध्याकाळी फवारा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. मुलांना हे काम फार आवडतं.

आता मे

उन्हाळ्यात वाफ्याच्या दर चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर पाणी लागतं. वीस चौरस मीटरची बाग म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर. टँकरच्या दिवसांत एवढं पाणी कोण देईल, हे आधीच ठरलेलं असावं. सोपा उपाय म्हणजे मार्चअखेर निम्मे वाफे रिकामे करून जाड पाचोळ्याने झाकून टाकायचे. उरलेल्यांत माठाची पालेभाजी, चवळी आणि मिरची. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. पिंपांना झाकणं हवीत, नाहीतर डासांची तक्रार पुढच्या सभेत येते.

एप्रिलच्या सुरुवातीला मे महिन्याचा कागद नोटीस बोर्डावर लावा: कोण गावाला, कोण इथेच, कोणत्या दिवशी पाणी कोणाकडे. वॉचमनच्या भरवशावर सोडायचं असेल तर त्याला त्याचे वेगळे पैसे द्या आणि भाजीतला वाटाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात झाकलेले वाफे उघडून शेणखत मिसळा आणि मांडव बांधून घ्या, कारण दोडका, कारली, पडवळ टोकायची ती पाऊस लागल्याबरोबर.