रोबोटिक हायफूच्या आधी: रुग्ण आणि घरच्यांसाठी तयारीची यादी

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, एका भागापुरत्या मर्यादित कर्करोगासाठी रोबोटिक हायफू, म्हणजे एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींचा उपचार, ठरला असेल तर तयारी कागदपत्रांपासून सुरू करावी. यात चाकू चालत नाही. गुदाशयातून आत घातलेला प्रोब (ध्वनिलहरी सोडणारी दांडी) हे यंत्र डॉक्टरांच्या आखणीनुसार अगदी थोडा थोडा सरकवते आणि नेमलेल्या जागेचे तापमान काही सेकंदांत ६० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन ती ऊती नष्ट करते. यंत्राचा अचूकपणा त्याला मिळणाऱ्या चित्राइतकाच असतो. म्हणून पुढील बहुतेक बाबी चित्र स्वच्छ राहावे यासाठीच आहेत.

एमआरआयची फिल्म आणि अहवाल पुरत नाहीत. उपचाराच्या वेळी सोनोग्राफीच्या चित्रावर एमआरआय बसवायचा असल्याने मूळ डिजिटल प्रतिमांची सीडी हवी. ती घरच्या संगणकावर उघडते का ते पाहावे आणि तिच्यावरील नाव व तारीख अहवालाशी ताडावी. बायोप्सीच्या (ग्रंथीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालात कर्करोग ज्या बाजूला सापडला, तीच बाजू एमआरआयमध्ये संशयित आहे ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. बायोप्सीनंतर आत साकळलेले रक्त एमआरआय धूसर करते, त्यामुळे दोन्हींमध्ये काही आठवड्यांचे अंतर लागते. ग्रंथीत खड्यांसारखे कॅल्शियम साचले आहे का, हेही तारीख घेण्यापूर्वीच विचारावे, कारण ध्वनिलहरी त्यावर अडतात. ग्रंथी फार मोठी असेल तर तिचा पुढचा भाग टप्प्याबाहेर राहू शकतो.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१५ मध्ये या तंत्राला दिलेली परवानगी प्रोस्टेटची ऊती नष्ट करण्यासाठी होती, कर्करोग बरा होतो अशा दाव्यासाठी नव्हती. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख हे पर्याय आपल्या बाबतीत का मागे पडले, हे समजल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये. लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर होऊ शकणारा परिणाम पत्नीच्या उपस्थितीत बोलून घ्यावा; संकोचामुळे हा विषय राहून जातो आणि मग त्रास दोघांनाही होतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी सूचना आणावी. लेटेक्सची अॅलर्जी, गुदद्वाराची जुनी शस्त्रक्रिया, पेसमेकर आणि मधुमेहाची औषधे यांची माहिती आधीच द्यावी. एनिमा सांगितलेल्या वेळीच घ्यावा, कारण गुदाशयात राहिलेली विष्ठा किंवा वायू ध्वनिलहरींना वाट देत नाही. उपाशी राहण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी.

घरी सैल पायजमा किंवा लुंगी काढून ठेवावी. ग्रंथीला सूज येऊन लघवी अडू शकते, म्हणून काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी) राहतो. त्याची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर ठेवावी आणि चालताना नळीला ताण बसू देऊ नये. ताप आला, पिशवीत लघवी येणे थांबले किंवा लघवीतून हवा वा विष्ठा येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

उपचारापूर्वीचा पीएसएचा (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा) आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ग्रंथीचा काही भाग शाबूत राहत असल्याने हा आकडा नंतर शून्यावर येत नाही. पुढील तपासण्यांत त्याचा कल पाहिला जातो, आणि एमआरआय व पुन्हा बायोप्सी यांच्या तारखाही डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्याव्यात.