पिकअपमधला आवाज नेमका कुठनं येतोय, हे असं शोधा

गाडीत आवाज सुरू झाला की आपल्याकडं ठरलेलं असतं, गॅरेजला न्यायची, मिस्त्री एक चक्कर मारणार, "शॉकअप गेलेत" म्हणणार, शॉकअप बदलणार आणि आवाज जिथल्या तिथं. मग बुश (जोडात बसणारी रबराची नाहीतर धातूची नळी), मग बेअरिंग, मग अजून काहीतरी, आणि बिल वाढतच जातं. मिस्त्रीची पण सगळी चूक नसते म्हणा, आपण जाऊन सांगतो काय तर "खालनं आवाज येलालाय की ओ", आता खालनं म्हणजे कुठनं? खाली अख्खी गाडी आहे. त्यामुळं पान्हा हातात घ्यायच्या आधी एवढंच ठरवायचं की हा आवाज इंजिनाच्या तालावर आहे, चाकाच्या तालावर आहे का खड्ड्याच्या. तेवढं कळलं की निम्मी गाडी संशयातनं बाहेर.

हे मी बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त असल्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि मधनं प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या एक्सलला नेणारा लांब दांडा) असलेल्या.

सगळ्यात आधी हौदा रिकामा करा. खरंच रिकामा, झाडून. फाळक्याच्या साखळ्या, ताडपत्रीचे पाइप, सीटमागचा जॅक आणि टॉमी, दाराच्या खिशातल्या बाटल्या, फळीखाली अडकलेला एखादा नट, सगळं काढा नाहीतर कापडानं बांधून टाका. फाळक्याची कडी ढिली असेल तर सायकल ट्यूबचा तुकडा घालून घट्ट बसवा. खालची स्टेपनी हातानं हलवून बघा, तिची साखळी ढिली झाली की असा धडधड आवाज येतो की वाटतं डिफरन्शियलच (मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) गेलं. आणि चारही चाकांचे नट पान्ह्यानं तपासा, हे तर आजच करा, कारण ढिल्या नटाचा आवाज सुरुवातीला बारीक टकटक असतो आणि पुढं चाकच निघतं.

आता पहिली परीक्षा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून जागेवर उभी, इंजिन चालू, आणि हळूहळू रेस वाढवा. आवाज आला तर तो इंजिन, बेल्ट, सायलेन्सर नाहीतर क्लचच्या बाजूचा, चाकाखाली शिरायची गरज नाही. ठराविक रेसलाच झर्रर्र वाजून पुढं बंद होत असेल तर बहुतेक सायलेन्सरचा पत्रा नाहीतर त्याचं रबर, गार असताना हातानं हलवला की सापडतो. सकाळी सकाळी चीं चीं करत असेल तर बेल्ट. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंगवर (क्लच दाबला की कामाला लागणारं) संशय घ्या, आणि उलट क्लच दाबल्यावर आवाज बंद होतो तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोक अल्टरनेटरच्या बॉडीला आणि मूठ कानाला लावली की आतलं बेअरिंग घरघरतंय का ते स्पष्ट ऐकू येतं, फक्त फॅन आणि बेल्टपासून हात, गमछा, लोंबणारी बाही लांब ठेवा. इंजिनाचं एवढं बास, कारण पिकअपमधले डोकं खाणारे आवाज बहुतेक मागनंच येतात.

जागेवर काहीच वाजलं नाही तर गाडी रस्त्यावर काढा. माझं मत, आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत सकाळी लवकर जा, रस्ते मोकळे असतात आणि दोन्ही बाजूला कंपाउंडच्या भिंती असतात. काचा खाली करून भिंतीच्या अगदी कडेनं हळू गाडी चालवा. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, आणि डाव्या भिंतीजवळ जोरात पण उजव्या भिंतीजवळ बारीक येत असेल तर बाजू कळली. हायवेवर ट्रकच्या गोंगाटात हे जमत नाही.

मग ताशी 40 ला जाऊन रस्ता मोकळा बघून न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, चुकूनसुद्धा, ब्रेकची मदत जाते आणि स्टेअरिंग जड होतं. रेस खाली आली तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच चालत राहिला तर तो फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे टायर, व्हील बेअरिंग, शाफ्ट, डिफरन्शियल.

इथं मोजायची एक युक्ती आहे, जी मला सगळ्यात जास्त आवडते. 15 इंची चाकाच्या पिकअपचं चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे ताशी 10 च्या वेगानं चाक सेकंदाला सव्वा फेऱ्या मारतं, आणि प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चौपट किंवा त्याच्या आसपास जोरात फिरतो, म्हणजे सेकंदाला पाचेक फेऱ्या. आता ऐका. टक... टक... टक असं सेकंदाला एकदा, फार तर थोडं जास्त, तर चाकाशी संबंधित, टायरमध्ये खडा घुसलाय, ड्रम घासतोय, नट ढिला आहे. आणि चिक-चिक-चिक-चिक असं घाईघाईत मोजतापण येत नाही इतकं, तर शाफ्टचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा जोड). क्रॉस ग्रीस न मिळाल्यानं कोरडा पडला की पाखरासारखा चिवचिवतो, आणि जास्त झिजला की रिव्हर्समधनं पहिल्यात टाकताना टण्णकन आवाज देतो. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, मागांच्या जमावड्यात एखादाच माग बिघडला तर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, नुसत्या तालावरनं ओळखतो, तसलं कान लावायचं आहे बघा.

घूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढतो तेव्हा टायर आणि बेअरिंग यांचा गोंधळ होतो. टायर असेल तर रस्ता बदलला की आवाज बदलतो, गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा, डांबरीवर वेगळा. बेअरिंगला रस्त्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला वळणाशी असतं. मोकळ्या रस्त्यावर हळूच डावीकडं वळवा, वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं वाढलं तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघा, आणि उलट तर उलट. तरी शंका राहिली तर पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं करा, आवाज त्यांच्याबरोबर सरकला तर दोष टायरचाच, बेअरिंगला हात लावायची गरज नाही. आणि रेस दिली की गुणगुणतं आणि सोडली की थांबतं, किंवा उलट, तर क्राऊन पिनियन, म्हणजे डिफरन्शियलच्या आतले गिअर. डिफरन्शियलचं तेल आधी तपासा, तेलात चमकणारा चुरा दिसला तर थेट चांगल्या मिस्त्रीकडं न्या.

राहिला खड्ड्यावरचा आवाज, आणि खरं डोकं खाणारा हाच.

माझ्या मावसभावाची पिकअप टॉवेलाचे गठ्ठे घेऊन जाते. गठ्ठे असले की गाडी गप, परत येताना रिकामी असली की होटगी रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर कर्रर्र-खट. गॅरेजवाल्यानं शॉकअप बदलून दिले, फरक शून्य. आम्ही गाडी सपाट जागेवर लावली, पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले, त्याला हौद्यात मागच्या कोपऱ्यावर उड्या मारायला लावल्या आणि मी बाजूला बसून पाट्याकडं बघत होतो. मागच्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती पट्टी), पिनच्या भोवती, लालसर पिठासारखी भुकटी जमलेली. लोखंडावर लोखंड घासलं की असंच गंजाचं पीठ निघतं, धुळीपेक्षा वेगळं, बोटाला लाल लागतं. बाटलीनं त्या शॅकलवर पाणी ओतलं, परत उडी मारायला सांगितली, आवाज गायब. पाच मिनिटांनी ऊन लागून वाळलं आणि कर्रर्र परत चालू. बुश झिजून पिनला झोल, म्हणजे ढिलेपणा, आला होता. बुश आणि पिन घातली, संपलं.

म्हणून पाण्याची बाटली हेच तुमचं खरं हत्यार. एकदम सगळीकडं ओतू नका, एक जागा, मग उडी, मग पुढची जागा. शॅकल, पाट्याचं डोळं (टोकाचं गोल भोक), शॉकअपचे बुश, पुढं खालच्या आर्मचे बुश. ज्या जागी पाण्यानं आवाज थोडा वेळ बंद होतो तिथं खडूनं खूण करा. पाण्यानं फरक पडला नाही आणि आवाज ठकठक आहे तर ढिल्या बोल्टचा माग काढा, यू बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे), हौदा चॅसिसला बांधणारे बोल्ट, शॉकअपचा वरचा नट. बोल्टभोवती घासून चमकलेलं लोखंड दिसलं की तिथं हालचाल होतेय. यू बोल्ट ढिला ठेवून लोड मारला तर सेंटर बोल्ट (पाट्याच्या पट्ट्या मधोमध धरणारा) तुटू शकतो आणि एक्सल जागेवरनं सरकतं, त्यामुळं त्यात आळस नको.

मे महिन्यात एक गोष्ट अजून. सकाळी गार असताना गप असणारी गाडी दुपारी 42 डिग्रीत वाजायला लागते, किंवा उलट. आवाज ज्या वेळेला येतो त्याच वेळेला परीक्षा घ्या, आणि लोड असताना येत असेल तर लोड ठेवूनच. गॅरेजात पोचेस्तोवर गप बसणाऱ्या गाड्यांवर दुसरा इलाज नाही. हौद्यात माणूस बसवून हायवेला जाऊ नका, त्यापेक्षा जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून चिकटपट्टीनं एकदा मागच्या कोपऱ्यात, एकदा केबिनमागं बांधा, त्याच रस्त्यावर त्याच वेगानं जाऊन या, मग दोन्ही ऐका, जिथं आवाज मोठा ती बाजू.

गाडीखाली जायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालू नका. आणि मागनं उचलणार असाल तर लक्षात ठेवा की हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, मागचं वर गेलं की त्याचा उपयोग शून्य, म्हणून पुढच्या चाकांना दगड हवेतच. चाक वर असलं की हातानं फिरवून बघा, दुसरा हात पाट्यावर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर पाट्यातनं खरखर हाताला कळते. वर-खाली धरून हलवल्यावर झोल जाणवला तर बेअरिंग ढिलं.

चाकाचे ढिले नट, यू बोल्ट, ढिलं बेअरिंग आणि अजून एक आवाज सोडला तर बाकी बहुतेक आवाजांना दोन दिवस थांबलं तरी चालतं. तो एक म्हणजे ब्रेकचा. ब्रेक मारल्यावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज आला तर गाडी तिथंच उभी करा. कधीकधी डिस्क आणि मागच्या पत्र्यात बारीक खडा अडकलेला असतो, कच्च्या रस्त्यावरनं आल्यावर तर हमखास, तो काढला की झालं. पण खडा नसला तर पॅड संपलेत, आणि तशीच मार्केट यार्डापर्यंत ओढली तर डिस्क पण गेली समजा.

मिस्त्रीकडं जाताना "खालनं आवाज येतो" असं न सांगता असं सांगा, "रिकामी असताना, स्पीडब्रेकरला, मागं डावीकडं, पाणी टाकलं की थांबतो." खडूची खूण दाखवा आणि जुना पार्ट परत मागून घ्या, झिजलाय का नाही ते हातात घेऊन बघा. चाक काढून बसवलं असेल तर 50 किलोमीटर गेल्यावर नट परत एकदा आवळा, समोरासमोरचे आलटून पालटून.