'धीर' हा शब्द नेमका कसा वापरावा

संस्कृतात 'धीर' हे विशेषण आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 13 व्या श्लोकात देहान्तराने मोह न पावणाऱ्या माणसाला धीर म्हटले आहे. मराठीने मात्र त्याचे पुल्लिंगी नाम केले आणि हिंमत, मनाची स्थिरता व सबुरी हे तिन्ही अर्थ त्यातच भरले; त्यामुळे पुढचे क्रियापद पाहिल्याशिवाय अर्थ ठरत नाही.

म्हणून आधी क्रियापद निवडावे. दादरला लोकल वीस मिनिटे आली नाही आणि मुलगा ओढणी खेचू लागला, की आई 'जरा धीर धर' म्हणते. तिथे धीर म्हणजे निव्वळ सबुरी. 'सासूबाईंना सांगायचा धीर होईना' यात वाट पाहण्याचा संबंधच नाही, तिथे हिंमत अभिप्रेत आहे.

सर्वांत जपून वापरावी ती 'सुटणे' आणि 'सोडणे' ही जोडी. 'काकांचा धीर सुटला' या वाक्यात कर्ता धीर आहे, काकांकडे दोष जात नाही. 'काकांनी धीर सोडला' म्हटले की तेच कर्ते होतात आणि वाक्यात नकळत ठपका उतरतो. परळच्या एखाद्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढलेल्या शेजाऱ्याबद्दल चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिताना हा फरक फार मोठा असतो. खुद्द त्यांना 'धीर धरा' म्हणणेही मला अवघड वाटते, कारण कितीही आदरार्थी असला तरी तो आज्ञार्थच. चहाचा कप पुढे करून 'काका, आम्ही आहोत' म्हणावे, धीर दिला जातो.

'संयम' हा याचा पर्याय नव्हे. संयमात राग, जीभ, खर्च असे काहीतरी आवरायचे असते आणि तो ज्याचा त्याने राखायचा असतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात अडकलेल्यांनी अनोळखी माणसांना धीर दिला. 'संयम दिला' असे मराठीत होतच नाही.

'अधीर' म्हणजे उतावीळ, भित्रा नव्हे. 'धीट' तर 'धृष्ट'वरून आलेला, वेगळ्याच घरातला शब्द. आणि बसमधून उतरणाऱ्या आजींना मुंबईत सर्रास 'धीरे उतरा' सांगतात, ते हिंदीचे देणे. मराठीत आजींनी सावकाश उतरावे.