स्ट्रेस ओळखताना या चुका टाळा (माझ्या दाढेपासून सुरुवात करतो)

"मला कसलं टेन्शन, मी एकदम मजेत" असं कुणी म्हटलं की मी आता आधी त्याच्या खांद्यांकडे बघतो. बऱ्याचदा ते कानाला टेकायच्या बेतात असतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. स्ट्रेस फक्त डोक्यात शोधायचा. मीही तेच केलं. माझी उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली, सकाळी उठल्या उठल्या जास्त आणि दुपारपर्यंत कमी. मी आपलं मनानेच ठरवून टाकलं की कीड लागलीय, आठ दिवस पेनकिलर खाल्ल्या, त्या बाजूने चावणं बंद केलं आणि शेवटी डेंटिस्टकडे जाऊन रूट कॅनाल करा म्हणून हटून बसलो. एक्सरेमध्ये दाढ ठणठणीत. मग त्यांनी हातात आरसा दिला आणि दाढांचे माथे दाखवले, घासून चक्क सपाट झालेले, गालाच्या आत दातांच्या ओळीला धरून पांढरी रेघ. "झोपेत दात खाता का?" मी म्हटलं छे. घरी येऊन विचारलं तर बायको म्हणाली, दोन महिने कर्रकर्र चाललंय तुझं, सांगायला आले तर माझ्यावरच खेकसलास.

म्हणजे दाढही सांगत होती आणि खेकसणंही सांगत होतं, मी मात्र सगळ्यांना "ऑल ओके" करत फिरत होतो. आणि खोटं नव्हतो बोलत हो, मला खरंच टेन्शन "वाटत" नव्हतं. ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढायला तुमची कबुली लागत नाही, शरीर धोका समजून स्नायू आवळून बसतं आणि जबडा, मान, पोट बोंबलायला लागतं. आपण तिथे बाम चोळतो. रोग रेड्याला, औषध पखालीला.

आता माझी सवय अशी की फोन हातात घेतला की आधी जबडा तपासायचा. ओठ मिटलेले पण वरचे-खालचे दात एकमेकांना न टेकलेले, ही त्याची आरामाची जागा. हे वाचताना तुमचे टेकलेत का बघा. रात्री दातांवर घालायचा गार्ड मिळतो, तो दात वाचवतो, बाकी कारण आहे तिथेच राहतं.

दुसरी चूक, कारण याच आठवड्यात शोधणं. मोठ्या आजारपणानंतर किंवा धक्क्यानंतर केस गळतात ते साधारण दोन-तीन महिन्यांनी, तोवर माणूस ती गोष्ट विसरून शाम्पू बदलत बसलेला असतो. काहींचं डोकं तर काम संपून सुट्टी लागली की दुखतं. म्हणून मी कॅलेंडरमध्ये तारखेखाली दोन शब्द टाकतो, "चारला जाग", "खेकसलो", "पोट". बास. डायरी वगैरे लिहायला सांगणाऱ्यांचं मला कौतुक आहे, माझ्याच्याने होत नाही.

मनाच्या बाबतीत लोक रडू येण्याची वाट बघतात. ते येईलच असं नाही. एकच मेल चार वेळा वाचून डोक्यात न शिरणं, खोलीत जाऊन कशाला आलो ते विसरणं, शर्ट कुठला घालू यावर अडकणं, हे आधी दिसतं, आणि आपल्याआधी घरच्यांना दिसतं. त्यांना विचारा, आणि उत्तर आलं की भांडू नका.

थकवा घालवायला संध्याकाळी पाचला कॉफी? त्यातलं निम्मं कॅफीन साधारण रात्री दहापर्यंत अंगात असतं. झोपेसाठी दारू? लवकर झोपवते आणि पहाटेची झोप मोडते.

आता याच्या बरोब्बर उलटी चूक, जी मला जास्त घाबरवते. "स्ट्रेसच असेल" म्हणून काहीही अंगावर काढणं. छातीत दाब, दम लागणं, घाम, हात किंवा जबड्यात कळ (हो, हार्टची कळ जबड्यातही येते), इथे माझी दाढेची गोष्ट आठवत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. ईसीजी नॉर्मल आला तर लाज कसली? सततच्या थकव्यामागे थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, बी १२ असं काहीही निघू शकतं. ते तपासल्याशिवाय स्वतःच स्वतःला स्ट्रेसचं लेबल लावणारे मला अजिबात आवडत नाहीत.

आणि ते घाईवाले. दोन दिवस श्वासाचा व्यायाम, तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही यार". अरे, महिनोन् महिने आवळलेलं शरीर आहे, नळ आहे का तो फिरवला की बंद? मी चार मोजत श्वास घेतो, सहा मोजत सोडतो, पाच मिनिटं, रोज. घड्याळातल्या स्ट्रेस स्कोअरचं तर बोलूच नका, ते हृदयाच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं, जिना चढलात तरी आकडा हलतो. माझा एक मित्र तो आकडा बघून घाबरतो, मग आकडा अजून वाढतो, मग तो मला फोन करतो.

दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कामं होत नसतील, जगणं नको वाटत असेल तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. जगणं नको वाटत असेल तर आजच, आणि कुणाला तरी सोबत घेऊन. कॅलेंडर असेल तर तेही न्या. मी नेलं होतं, "कधीपासून?" याचं उत्तर पहिल्यांदाच माझ्याकडे तयार होतं.